पाळण्यातले पाय आणि आकड्यांची भाषा

‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ अशी म्हण आपल्याकडे आहे. शाळेच्या शिक्षकखोलीत ती रोज कोणत्या ना कोणत्या रूपात ऐकू येते. ‘हा मुलगा पुढे नाव काढणार’, ‘हिला गणित जमायचे नाही’ ही विधाने म्हणजे त्या म्हणीचीच वेगवेगळी रूपे होत. अशी विधाने कितपत खरी ठरतात आणि ती करण्याची एखादी शास्त्रीय रीत आहे का, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. त्याचे कारण साधे आहे. आपण केलेल्या भाकितांची नोंद आपल्याकडे नसते, आणि पुढे त्या मुलाचे काय झाले याचीही नसते. ज्या भाकिताची नोंद नाही ते चूक ठरण्याची भीतीही नाही.

या दोन्ही नोंदी जिथे काटेकोरपणे ठेवल्या जातात असे एक क्षेत्र म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉल. तिथे सतरा-अठरा ते बावीस वर्षांच्या मुलांची निवड १९६५ सालापासून दरवर्षी एका जाहीर यादीने होते. कोणाला कितव्या क्रमांकावर निवडले ते छापील स्वरूपात राहते, आणि त्यानंतर त्याने खेळलेल्या प्रत्येक सामन्याचा आकडाही राहतो. तरुण माणसाच्या भवितव्याचा अंदाज कसा करावा, हे तपासण्याची इतकी चांगली प्रयोगशाळा क्वचितच सापडेल.

या विषयावर मायकेल लुईस यांचे ‘मनीबॉल’ हे पुस्तक २००३ साली प्रसिद्ध झाले. त्यावर २०११ साली चित्रपटही निघाला. आकडेवारी वापरून निर्णय घेणाऱ्यांच्या जगात या पुस्तकाला जवळजवळ धर्मग्रंथाचे स्थान मिळाले आहे. विज्ञानाच्या मासिकात खेळाच्या पुस्तकाचा समाचार घेण्याचे कारण हेच. पुस्तक बाहेर आले तेव्हा त्यातील भाकिते ताजी होती. आज त्या खेळाडूंच्या कारकिर्दी जवळजवळ सर्वच संपल्या आहेत. तेव्हा या पुस्तकाने केलेला दावा आता तपासून पाहता येतो.

खेळाची तोंडओळख

ज्यांना बेसबॉल अपरिचित आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. गोलंदाजाला तिथे पिचर म्हणतात. फलंदाजाने चेंडू टोलवून पहिल्या ‘बेस’वर सुखरूप पोहोचायचे आणि पुढे चारही बेस फिरून परत यायचे, म्हणजे एक धाव होते. प्रत्येक संघाला नऊ डाव मिळतात आणि तीन गडी बाद झाले की डाव संपतो. म्हणजे संपूर्ण सामन्यात एका संघाजवळ सत्तावीस बळींचे भांडवल असते. ते जितके जपून वापरावे तितके चांगले.

फलंदाजाची सरासरी काढताना यशस्वी फटक्यांच्या संख्येला पाळ्यांच्या संख्येने भागतात. दहा पाळ्यांत तीन यशस्वी फटके म्हणजे सरासरी ०.३००, आणि ती उत्तम समजली जाते. पण पिचरने चार चेंडू ठरलेल्या चौकटीबाहेर टाकले आणि फलंदाजाने ते सोडून दिले, तर त्याला पहिल्या बेसवर फुकट जायला मिळते. याला ‘वॉक’ म्हणतात. गंमत अशी की सरासरीच्या हिशेबात वॉक धरतच नाहीत. वास्तविक फलंदाज बाद न होता बेसवर पोहोचला, मग तो फटका मारून पोहोचला काय की संयमाने पोहोचला काय, संघाचे एक बळी वाचलेच. वॉक धरून काढलेल्या प्रमाणाला आपण ‘बेस-प्रमाण’ म्हणू.

पुस्तकाचे म्हणणे

पुस्तकाचा नायक आहे बिली बीन, ओकलंड ॲथलेटिक्स या संघाचा तेव्हाचा महाव्यवस्थापक. १९८० साली न्यूयॉर्क मेट्स या संघाने त्याला पहिल्या फेरीत तेविसाव्या क्रमांकावर निवडले होते. उंच, देखणा, वेगवान असा हा मुलगा पाहून गावोगाव फिरून खेळाडू हेरणाऱ्या पारख्यांचे डोळे दिपले होते. प्रत्यक्षात मोठ्या स्पर्धेत तो १४८ सामने खेळला, सरासरी ०.२१९ राहिली आणि खेळ सोडून तो स्वतःच पारखी झाला. पुढे संघाची सूत्रे हाती आल्यावर पारख्यांच्या डोळ्यांवर त्याचा भरवसा उरला नव्हता.

त्याच्या मदतीला होता अर्थशास्त्र शिकलेला पॉल डिपोडेस्टा आणि दोघांच्याही मागे होते बिल जेम्स यांचे लिखाण. जेम्स कॅन्ससमधील एका कारखान्यात रात्रपाळीचे पहारेकरी होते. १९७७ पासून ते स्वतःच्या खर्चाने बेसबॉलच्या आकडेवारीची वार्षिके काढू लागले. सरासरीपेक्षा बेस-प्रमाण अधिक सांगून जाते, आणि शाळेतून थेट उचललेल्या मुलांपेक्षा महाविद्यालयात खेळलेली मुले निवडणे अधिक लाभाचे असते, हे त्यांनी आकडे मांडून दाखवले होते. महाविद्यालयीन खेळाडू वयाने मोठे असतात, तुल्यबळ प्रतिस्पर्ध्यांशी जास्त सामने खेळलेले असतात, त्यामुळे त्यांच्या आकड्यांवर अधिक विसंबता येते, हे तर्काला धरूनच आहे.

ओकलंडने हे मनावर घेतले. २००२ साली त्यांचा खेळाडूंवरचा खर्च सुमारे चार कोटी डॉलर होता, तर न्यूयॉर्क यांकीज संघाचा बारा कोटींहून अधिक. त्या हंगामात दोघांनीही सारखेच, म्हणजे १०३ सामने जिंकले. ही गोष्ट लुईस यांनी फार रंगवून सांगितली आहे. पुस्तक हातातून खाली ठेववत नाही हे आम्ही प्रथमच कबूल करतो. जे दिसते त्यापेक्षा जे मोजता येते आणि ज्याचा निकालाशी संबंध आहे ते पाहा, हा त्याचा संदेशही मोलाचा आहे. आमची तक्रार वेगळ्याच ठिकाणी आहे.

एका उदाहरणाचा पुरावा

पहिली तक्रार पुरावा मांडण्याच्या पद्धतीविषयी. पारखी फसतात याचा मुख्य पुरावा म्हणून पुस्तक बिली बीनचे उदाहरण देते. ते उदाहरण खरे आहे. परंतु त्याच वर्षी, त्याच यादीत, त्याच मेट्स संघाने सर्वांत पहिल्या क्रमांकावर डॅरिल स्ट्रॉबेरी या शाळकरी मुलाला निवडले होते. तोही उंच आणि डोळ्यांत भरणारा होता. त्याने पुढे ३३५ होमरन, म्हणजे आपल्या षटकाराला समांतर असे फटके, मारले आणि आठ वेळा राष्ट्रीय पातळीच्या निवडक संघात स्थान मिळवले. एकाच संघाचे पारखी, एकाच दिवशी एकदा सपशेल चुकले आणि एकदा अचूक ठरले. यातले एकच उदाहरण उचलले तर हवा तो निष्कर्ष काढता येतो.

इतिहासात अशी उदाहरणे दोन्ही बाजूंनी मुबलक आहेत. १९६६ साली पहिल्या क्रमांकावर निवडलेला स्टीव्ह चिलकॉट मोठ्या स्पर्धेत एकही सामना खेळू शकला नाही. दुसऱ्या क्रमांकावर होता रेगी जॅक्सन, जो पुढे या खेळातील दिग्गज ठरला. १९८८ साली माइक पियाझा बासष्टाव्या फेरीत निवडला गेला, तोपर्यंत यादीत १,३८९ नावे येऊन गेली होती. तोही दिग्गजांच्या यादीत जाऊन बसला. अशा कथा ऐकायला बऱ्या वाटतात, पण त्यांतून एखादी रीत चांगली की वाईट हे ठरत नाही. त्यासाठी सर्व निवडी एकत्र मोजाव्या लागतात.

चिठ्ठ्यांचा प्रयोग

दुसरी तक्रार अधिक मूलभूत आहे. ती समजण्यासाठी शिक्षकांनी वर्गात पुढील प्रयोग करून पाहावा. चाळीस मुलांपैकी प्रत्येकाला एक डबा द्या. डब्यात दहा सारख्या चिठ्ठ्या असाव्यात आणि त्यांपैकी तिन्हींवर फुली असावी. न पाहता एक चिठ्ठी काढायची, फुली आहे का ते टिपायचे, चिठ्ठी परत टाकून डबा हलवायचा. असे पन्नास वेळा करायचे. फुली म्हणजे यशस्वी फटका समजा. प्रत्येक डब्याची ‘खरी गुणवत्ता’ ०.३०० इतकीच आहे. कोणीही कोणाहून सरस नाही.

तरीही निकाल सारखे येणार नाहीत. पन्नास वेळांत सरासरी १५ फुल्या येणे अपेक्षित असले तरी प्रमाण विचलन सुमारे ३.२ आहे. चाळीस मुलांत सर्वांत वरच्या मुलाच्या फुल्या साधारण २२ च्या आसपास आणि सर्वांत खालच्याच्या ८ च्या आसपास निघतील. म्हणजे एकाची सरासरी ०.४४० आणि दुसऱ्याची ०.१६०! बाहेरून पाहणारा पहिल्याला प्रतिभावान म्हणेल आणि दुसऱ्याला घरी पाठवेल. आता सर्वांना पुन्हा पन्नास चिठ्ठ्या काढायला सांगा. पहिला मुलगा बहुधा १५ च्या जवळपास येईल, आणि लोक म्हणतील की यशाची हवा डोक्यात गेली. शेवटचा मुलगाही १५ च्या जवळपास येईल, आणि लोक म्हणतील की रागावल्याचा उपयोग झाला. वास्तविक यांतले काहीही घडलेले नाही. टोकाची निरीक्षणे पुढच्या वेळी सरासरीकडे परततात, एवढेच. फ्रान्सिस गाल्टन यांनी आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीच्या संदर्भात १८८६ साली हेच दाखवले होते.

पाळ्यांची संख्या वाढवली तर दैवाचा हा हिस्सा कमी होतो, पण तो संपत नाही. पन्नास पाळ्यांत सरासरीचे प्रमाण विचलन ०.०६५ असते, तर पाचशे पाळ्यांत ०.०२० उरते. दहापट निरीक्षणे घेतली तरी अनिश्चितता दहापट कमी होत नाही, फक्त सुमारे तिपटीने कमी होते, कारण ती संख्येच्या वर्गमुळावर अवलंबून असते. व्यावसायिक खेळाडूच्या बाबतीत ०.२७० आणि ०.३०० यांतला फरक म्हणजे सामान्य आणि उत्तम यांतला फरक. एका संपूर्ण हंगामातही यांतला बराचसा फरक निव्वळ योगायोगाने पडू शकतो. महाविद्यालयातील खेळाडूच्या दोन-तीन हंगामांच्या आकड्यांत हा योगायोग मिसळलेलाच असतो.

अठरा फलंदाज

संख्याशास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा विचार पूर्वीच केला आहे. चार्ल्स स्टाइन यांनी १९५६ मध्ये आणि नंतर जेम्स व स्टाइन यांनी १९६१ मध्ये एक चकित करणारा निष्कर्ष मांडला. तीन किंवा अधिक राशींचा अंदाज एकाच वेळी करायचा असेल, तर प्रत्येकीचे स्वतंत्र निरीक्षण जसेच्या तसे घेण्यापेक्षा ती सर्व निरीक्षणे एका समान मध्याकडे थोडी ओढून घ्यावीत. असे केल्याने चुकांच्या वर्गांची अपेक्षित बेरीज नेहमीच कमी होते. ब्रॅडली एफ्रॉन आणि कार्ल मॉरिस यांनी १९७७ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये हे समजावून सांगताना बेसबॉलचेच उदाहरण घेतले होते.

त्यांनी १९७० च्या हंगामातील अठरा फलंदाजांच्या पहिल्या ४५ पाळ्या घेतल्या आणि त्यांवरून उरलेल्या हंगामाचा अंदाज केला. अठरा जणांची एकत्रित सरासरी ०.२६५ होती. रोबेर्तो क्लेमेंटे ०.४०० वर म्हणजे सर्वांत वर होता, आणि मॅक्स अल्विस ०.१५६ वर सर्वांत खाली. आपल्या चिठ्ठ्यांच्या प्रयोगातील आकड्यांशी याचे साम्य वाचकांच्या लक्षात आले असेलच. सूत्राप्रमाणे प्रत्येकाचे सरासरीपासूनचे अंतर सुमारे एक पंचमांश इतकेच ठेवायचे होते. तसे केल्यावर एकूण वर्गित चूक सुमारे साडेतीनपट कमी झाली. अठरा जणांचा एकत्र विचार करता हा मोठाच लाभ आहे.

पण क्लेमेंटेकडे निराळे पाहा. सूत्राने त्याला ०.२९४ वर आणले. उरलेल्या हंगामात त्याची प्रत्यक्ष सरासरी ०.३४६ आली. म्हणजे मूळ आकडा जितका जास्त होता, जवळजवळ तितकाच सूत्राचा आकडा कमी पडला. समूहासाठी उत्तम असलेली रीत या एका माणसाबाबत उपयोगी पडली नाही. असे का झाले? सूत्राला केवळ त्या ४५ पाळ्या माहीत होत्या. क्लेमेंटे त्याआधी पंधरा हंगाम खेळला होता आणि उत्कृष्ट फलंदाज म्हणून प्रसिद्ध होता, हे मैदानावरच्या कोणत्याही प्रेक्षकाला ठाऊक होते. सूत्राला ते कोणी सांगितले नव्हते.

या एका उदाहरणात दोन धडे आहेत. पहिला असा की भविष्याचा अंदाज हे समूहाविषयीचे विधान असते, आणि एकेका व्यक्तीबाबत त्याला मोठा पसारा असतो. दुसरा असा की आकड्यांच्या बाहेरची माहिती नेहमीच अडाणी नसते. आमच्या मते ‘मनीबॉल’मध्ये हे दोन्ही धडे हरवले आहेत.

सात जणांचे पुढे काय झाले

पुस्तकाचा गाभा म्हणजे जून २००२ ची निवड. ओकलंडला पहिल्या फेरीत व तिच्या पुरवणी फेरीत मिळून सात खेळाडू घ्यायचे होते, आणि ते सातही त्यांनी महाविद्यालयांतून घेतले. त्यांत जेरेमी ब्राउन हा अलाबामा विद्यापीठाचा जाडजूड यष्टीरक्षक होता. त्याचे शरीर खेळाडूचे नाही म्हणून जुने पारखी त्याला नाके मुरडत होते, तर त्याने मिळवलेल्या वॉकची संख्या पाहून बीन खूश होता. या प्रसंगाचे वर्णन पुस्तकात अत्यंत चुरचुरीत झाले आहे. शेवटच्या प्रकरणात नवशिक्यांच्या एका सामन्यात ब्राउन होमरन मारतो आणि पुस्तक संपते.

ब्राउनची कारकीर्द मात्र तेव्हा सुरूही झाली नव्हती. २००६ मध्ये तो मोठ्या स्पर्धेत पाच सामने खेळला. दहा पाळ्यांत तीन यशस्वी फटके, एवढीच त्याची तिथली नोंद आहे. २००८ मध्ये त्याने खेळ सोडला. सातांपैकी निक स्विशरने २४५ होमरन मारून दीर्घ आणि यशस्वी कारकीर्द केली. पिचर जो ब्लँटन आणि फलंदाज मार्क टीहेन हेही बरीच वर्षे मोठ्या स्पर्धेत टिकले. जॉन मॅककर्डी, बेन फ्रिट्झ आणि स्टीव्ह ओबेन्चेन हे तिघे तिथपर्यंत पोहोचलेच नाहीत.

उलट बाजूही पाहू. शाळकरी मुलांवर, विशेषतः शाळकरी पिचरवर, पहिल्या फेरीची निवड खर्च करणे हा पुस्तकाच्या लेखी शुद्ध वेडेपणा आहे. त्याच यादीत स्विशरच्या लगेच नंतर कोल हॅमेल्स हा शाळकरी पिचर निवडला गेला, तो २००८ च्या अंतिम मालिकेचा मानकरी ठरला. ब्लँटनच्या लगेच नंतर मॅट केन हा शाळकरी पिचर होता, त्याने २०१२ मध्ये एकाही फलंदाजाला बेसवर न पोहोचू देता संपूर्ण सामना काढला. सहाव्या क्रमांकावरचा झॅक ग्राइंकी तर २२५ सामन्यांचा विजयी पिचर झाला. चव्वेचाळिसाव्या क्रमांकावरचा जोई वोटो २०१० मध्ये आपल्या लीगमधील सर्वोत्तम खेळाडू ठरला. हे चौघेही शाळेतून आलेले.

तर मग बीनची रीत खोटी ठरली काय? तसे म्हणणे ही त्याच चुकीची उलटी आवृत्ती होईल. त्याच यादीत तिसऱ्या क्रमांकावरचा ख्रिस ग्रूलर आणि पाचव्या क्रमांकावरचा क्लिंट एव्हर्ट्स हेही शाळकरी पिचरच होते, आणि दोघेही मोठ्या स्पर्धेत कधीच पोहोचले नाहीत. तिसरा गेला, पाचवा गेला आणि सहावा ग्राइंकी निघाला. सात निवडींत तीन चांगल्या कारकिर्दी हा काही वाईट निकाल नव्हे. आणि मुळात सात हा आकडा कोणतीही रीत सिद्ध करायला किंवा खोडून काढायला फारच लहान आहे. पुस्तकाचा दोष त्याच्या भाकितात नाही. शेकडो खेळाडूंच्या सरासरीतून निघालेला एक माफक निष्कर्ष त्याने एका व्यक्तीच्या विधिलिखितासारखा सांगितला, हा त्याचा दोष आहे. पारखी एका देखण्या शरीराच्या प्रेमात पडतात म्हणून लुईस त्यांना हसतात, आणि स्वतः एका देखण्या कथेच्या प्रेमात पडतात.

कथेला सोयीचे नसलेले तपशीलही मागे सारले गेले आहेत. २००२ मध्ये ओकलंडच्या १०३ विजयांपैकी ५७ विजय झिटो, मल्डर आणि हडसन या तीन पिचरच्या नावावर आहेत, पण पुस्तकात ते ओझरतेच भेटतात. त्या वर्षी त्यांच्या लीगमधील सर्वोत्तम खेळाडू ठरलेला मिगेल तेहादा १९९३ साली डोमिनिकन रिपब्लिकमधून, महाविद्यालयाचे तोंडही न पाहता, करारबद्ध झाला होता. तिसऱ्या बेसवरचा एरिक चावेझ १९९६ मध्ये थेट शाळेतून घेतलेला होता. संघाचा कणा असा सर्व वाटांनी आला होता.

डोळा की आकडा?

पुस्तक वाचून असा समज होतो की एका बाजूला तंबाखू चघळणारे जुनाट पारखी आणि दुसऱ्या बाजूला संगणक घेऊन बसलेले शहाणे, यांतून एकाची निवड करायची आहे. या समजाची परीक्षा आकड्यांच्याच एका पुरस्कर्त्याने घेतली, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते.

नेट सिल्व्हर यांनी ‘पेकोटा’ नावाची भाकीत-पद्धती तयार केली. तीही २००३ सालीच प्रसिद्ध झाली. एखाद्या खेळाडूशी वय, बांधा आणि आकडे यांत साम्य असलेले जुने खेळाडू ती शोधते, त्यांचे पुढे काय झाले ते पाहते आणि त्यावरून अंदाज करते. हा अंदाज एका आकड्यात नसतो. बरे घडले तर काय, मध्यम घडले तर काय, वाईट घडले तर काय, असा पसारा ती देते. अंदाज मांडण्याची योग्य रीत हीच होय.

सिल्व्हर यांनी २०१२ मधील आपल्या पुस्तकात स्वतःच्या पद्धतीची तुलना ‘बेसबॉल अमेरिका’ या नियतकालिकाने पारख्यांच्या मतांचा आधार घेऊन केलेल्या यादीशी केली. दोन्ही याद्या २००६ च्या, प्रत्येकीत शंभर होतकरू खेळाडू. या खेळाडूंनी २०११ अखेरपर्यंत आपापल्या संघांना किती विजयांचा हातभार लावला याचा हिशेब त्यांनी केला. पेकोटाच्या यादीचे ५४६ विजय भरले, पारख्यांच्या यादीचे ६३०. पारखी सुमारे पंधरा टक्क्यांनी पुढे होते! कारण सरळ आहे. पारख्यांना आकडे उपलब्ध होतेच, त्याखेरीज त्यांनी खेळाडू प्रत्यक्ष पाहिले होते. आकड्यांच्या पद्धतीजवळ मात्र फक्त आकडे होते. हा निकाल स्वतःच्या विरुद्ध जात असूनही सिल्व्हर यांनी तो छापला. विज्ञानाची वृत्ती शिकवायला वर्गात हे उदाहरण जरूर द्यावे.

आणखी एक बाब. भाकिताची रीत सर्वांना कळली की तिचा लाभ ओसरतो. जॉन हेक्स आणि रेमंड सॉअर या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवले की बेस-प्रमाणाला खेळाडूंच्या पगारात पूर्वी मिळायला हवे त्यापेक्षा कमी मोल होते, आणि २००४ पर्यंत ती त्रुटी भरून निघाली होती. निसर्गाचे नियम आपण ते शोधल्याने बदलत नाहीत. माणसांच्या बाजाराचे नियम बदलतात.

शाळेत याचे काय करायचे?

या पुस्तकाची चर्चा आम्ही शिक्षकांपुढे करीत आहोत, कारण शिक्षकही पारखीच असतात आणि त्यांच्या हातीही आकडे असतात. एका चाचणीचे गुण म्हणजे पहिल्या ४५ पाळ्या. त्यांत मुलाची तयारी असते, तसाच त्या दिवसाचा योगायोगही असतो. तेव्हा एका चाचणीवरून मुलाला ‘हुशार’ किंवा ‘ढ’ ठरवणे म्हणजे चिठ्ठ्यांच्या डब्याला प्रतिभावान ठरवणे होय.

वयाचा मुद्दाही विसरता येत नाही. रॅनी जझायेर्ली यांनी २०११ मध्ये जुन्या निवडयाद्या तपासून दाखवले की शाळेतून निवडलेल्या फलंदाजांपैकी जे वयाने काही महिने लहान होते, ते आपल्या क्रमांकाच्या मानाने पुढे सरस ठरले. समान कामगिरी लहान वयात करणाऱ्याला वाढायला अजून वाव असतो, आणि पारखी व आकडे दोघेही हे पुरेसे लक्षात घेत नव्हते. तेहादाने आपले वय दोन वर्षांनी कमी सांगितले होते हे २००८ मध्ये उघड झाले. वयाला या बाजारात किती किंमत आहे हे त्यावरून कळते. आपल्या पहिलीच्या वर्गात अकरा-अकरा महिन्यांच्या फरकाची मुले शेजारी बसतात. सहा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात अकरा महिने म्हणजे सहावा-सातवा हिस्सा. ‘मागे पडलेले’ मूल कधीकधी फक्त उशिरा जन्मलेले असते.

बेसबॉलचा संघ आणि शाळा यांत एक मोठा फरक मात्र आहे, आणि तो या पुस्तकाच्या चाहत्यांनी विसरू नये. संघाला शेकडो मुलांमधून मूठभर निवडायची असतात. सरासरीने लाभ झाला की संघाचे काम भागते. सातांपैकी तिघे कुठेच पोहोचले नाहीत याची संघाला खंत नसते, कारण ती जोखीम त्याने हिशेबात धरलेलीच असते. त्या तिघांना मात्र एकेकच कारकीर्द होती. शिक्षकाला निवड करायची नसते. त्याच्यापुढे बसलेले प्रत्येक मूल त्याला शिकवायचे असते. समूहाचे विधान समूहासाठी खरे असूनही एकेका मुलाच्या बाबतीत कच्चे राहते, आणि शिक्षकाचा संबंध एकेका मुलाशीच येतो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. भाकीत करायचेच असेल तर ते वहीत तारखेसह लिहून ठेवावे, त्यासोबत आपली खात्री किती तेही लिहावे, आणि दोन-तीन वर्षांनी वही उघडून पाहावी. किती अंदाज बरोबर आले, किती चुकले, कोणत्या प्रकारच्या मुलांबाबत आपण नेहमी एकाच दिशेने चुकतो, हे कळेल. ‘मनीबॉल’ जरूर वाचावे, वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनाही त्यातील गोष्ट सांगावी. मात्र ते संपल्यावर जेरेमी ब्राउनच्या पुढच्या नोंदी आणि त्याच यादीतील इतरांच्या नोंदी मुलांकडूनच शोधून घ्याव्यात. त्या छापील आहेत आणि मुलांना सहज मिळतील.